पट्टीची मागची बाजू

फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडात चार स्क्रू होते, गुडघ्यावर कपाटाचं दार होतं, आणि ज्या बाईंच्या घरी काम चाललं होतं त्यांना मी नुकतंच अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की नवीन ट्रॉलीला पहिले आठ दिवस संध्याकाळी हलकेच थोपटावं लागतं, नाहीतर ती रुसते. बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. म्हणजे एकूण सकाळ मजेत चालली होती. फोन मुलीचा. मी "हं" म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, आमच्या ओट्याखालची पट्टी पडली." एक स्क्रू जिभेवरून घशाकडे निघाला होता, त्याला मी दातांनी परत आणला. "कुठली?" "सिंककडची. लांब आहे ना ती. भांडी घासताना पाय लागला आणि धाडकन पडली. आई म्हणाल्या, कुणीतरी फिटर बोलवू. मी म्हटलं, घरचा असताना?" "मागची बाजू बघितलीस?" "मागच्या बाजूला काय असतं?" "काही नाही. वाळवी असते." "वाळवी नाहीये, धूळ आहे. शी, केवढी धूळ! पुसून ठेवू का?" "नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की वहीवाल्या बाई दचकून ट्रॉलीपासून लांब झाल्या. "बाबा, असे काय बोलताय? तोंडात काय आहे?" "स्क्रू," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं, म्हणून मला जरा बरं वाटलं.

दार एका बिजागरीवर लटकत सोडून मी निघालो. बाईंना म्हटलं, ह्याला तासभर असंच लटकू द्यायचं असतं. स्कूटरला किक मारताना डोक्यात एकच हिशोब चालू होता, पट्टी कशी पडते. कपाटं उभी असतात प्लास्टिकच्या ठेंगण्या पायांवर, आणि ते पाय दिसू नयेत म्हणून पुढून चार इंच उंचीची फळी लावतात, तीच पट्टी. ती पडते ती बाहेरच्या अंगाला. वरची कड पुढे येते, आणि पट्टी तोंडावर पालथी होते. म्हणजे चकचकीत बाजू खाली, पाठ वर. तीस वर्षं ह्या धंद्यात आहे, आत शिरून पडलेली पट्टी मी पाहिलेली नाही. म्हणजे माझ्या मुलीच्या सासरी, सिंकपाशी, फरशीवर, पट्टी पाठ वर करून पडली होती आणि त्या पाठीवर माझ्या हातचं एक वाक्य होतं. मध्ये होती ती फक्त धूळ. धूळ म्हणजे काय, ओल्या फडक्याचा एक हात. सुतारी पेन्सिल ओली झाली की उलट जास्तच काळी दिसते. सिग्नलला थांबलो तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, इंडिकेटर चालू आहे कधीचा." मी म्हटलं, "चालू दे, सोबत आहे." एरवी ह्यावर मी स्वतःच हसलो असतो.

लिहायची पद्धत माझी नाही, थोरल्या मिस्त्रींची. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिस्त्री. काम संपलं, की शेवटच्या पट्टीच्या पाठीवर ते स्वतःचं नाव आणि तारीख लिहायचे, मग ती पट्टी बसवायची. कुणाला दिसणार नाही असं नाव. म्हणायचे, नाव लिहिताना हात अडखळला तर समज, काम परत करायचंय. मला हे फार आवडायचं. आवडायचं म्हणूनच की काय, ते गेल्यावर मी त्याचं वाटोळं केलं. एका घरी दिवसभर कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, तर मी नावाच्या जागी लिहिलं, 'या घरात नळ फक्त शोभेचा आहे.' पट्टी बसवली, आणि मालक शेजारी उभं राहून "वा, छान झालं" म्हणत असताना पोटातून जी गुदगुली आली ती काय सांगू. मग ती सवयच लागली. गावभर माझी वाक्यं आहेत, लोकांच्या पायांपासून चार बोटांवर. भाजी चिरतात, भांडणं करतात, आणि खाली मी आहे. आता ह्यात एक गोम होती. पट्टीला मागून क्लिपा लावायच्या असतात, त्या पायांवर टकाटक बसतात. पण एकेका पायाचं माप घ्या, क्लिप बरोबर समोर आणा, फरशीला उतार असेल तर पट्टी खालून तासा, ह्याला वेळ लागतो, आणि वाक्य सुचलेलं असलं की मला धीर निघत नाही. मी आपला पट्टी उभी करून मागे लाकडाच्या पाचरी खुपसायचो. दिसायला अगदी तशीच. पाचर ओल धरते, वाळते, आकसते, मग पट्टी डुगडुगते. पण तोवर मी चार घरं पुढे गेलेलो असायचो. चेष्टा आणि चुकार काम, दोन्ही एकाच हातानं, एकाच पट्टीमागे. हे मला स्कूटरवर कळलं. एवढी वर्षं ह्या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या.

विहीणबाईंचं स्वयंपाकघर मी केलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा त्या विहीणबाई नव्हत्या, गोटीवाल्या बाई होत्या. हातात काचेची गोटी घेऊन यायच्या, ओट्यावर ठेवायच्या, कमरेत वाकून बघायच्या. गोटी केसभर सरकली, की माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बघायच्या. माझी पाणसळ दाखवली, बुडबुडा मधोमध आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "बुडबुडा तुमचा आहे. गोटी माझी आहे." ओटा मी तीनदा उचलला. एकदा तर त्या ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून चक्क लोंबकळल्या, सगळं वजन टाकून, आणि म्हणाल्या, "हलता कामा नये." मी मनात म्हटलं, बाई, इथं तुम्ही स्वयंपाक करणार आहात की कसरत? बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान खुर्चीत बसलेले असायचे. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, डाव्या बाजूला कललेले. दिवसभर तसेच. कुणी उठवलं तर उठायचे, चालायचे तेव्हा डावा पाय फरशीवरून ओढत यायचा, खर्र, खर्र, रंधा मारल्यासारखा. मला काय माहीत अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दीडच महिना झाला होता? मी विचारलं नाही. मला वाटलं, माणूस जन्मापासूनच असा. शेवटच्या दिवशी चौथ्यांदा गोटी आली, ह्या वेळी हलली नाही, बाई गोटी उचलून निघून गेल्या, आणि मी पट्टी पालथी करून, दात विचकत, लिहिलं. काय लिहिलं ते पुढं येईलच. मला ते तेव्हा इतकं आवडलं होतं की घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, आणि ती म्हणाली, "त्या माणसाच्या घरात आरसा नाहीये का, त्याला सांगायला तू गेलास?" मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही.

मग आठ वर्षं गेली. मुलीनं एक दिवस जेवताना सांगितलं की ऑफिसात एक मुलगा आहे, आणि आपल्याला त्याच्या घरी जायचंय. गेलो. मी माणसांना ओळखायच्या आधी स्वयंपाकघराला ओळखलं. दारातून नुसता ओट्याचा कोपरा दिसला, तेवढा पुरला. विहीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, हे तर आमचे मिस्त्री!" सगळ्यांना फार गंमत वाटली. योगायोग म्हणतात तो हाच, वगैरे. तेव्हाच त्यांनी सांगितलं की झटक्यानंतर व्याही परत चालायला शिकले ते त्या ओट्याला धरून. काठी घ्यायला तयार नव्हते. रोज सकाळी सिंकपासून खिडकीपर्यंत आणि परत, ओट्याच्या कडेला हात लावून. "म्हणून तर तुमच्या डोक्यावर बसले होते मी," त्या म्हणाल्या, "हललं असतं तर पडले असते ना." आणि व्याही, त्यांचे शब्द जरा जड यायचे, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून, ते माझ्याकडे कलून म्हणाले, "तुमचं काम... मी फार जवळून बघितलंय." आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले. मला वाटलं, कौतुक. मी छाती फुगवून म्हटलं, "आपल्याकडे कामात खोट नाही." त्यावर ते आणखी हसले. त्यांना ठसका लागला. मुलानं पाणी आणून दिलं.

त्यानंतर मी त्या पट्टीसाठी काय काय नाही केलं! ती पुसायची म्हणजे त्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं एकट्याला मिळायला हवीत. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात उकिडवा बसणारा मी, पण व्याही म्हणून गेलो की मला हॉलमध्ये पंख्याखाली बसवायचे. एकदा मुद्दाम चमचा पाडून त्याच्या मागे रांगत गेलो. विहीणबाई म्हणाल्या, "अहो राहू द्या, दुसरा देते, तुम्ही कशाला त्रास घेता?" एकदा पाल दिसली म्हणालो, तर जावई झाडू घेऊन स्वतःच खाली वाकला, आणि मीच म्हटलं, गेली, गेली, खिडकीतून गेली. मग लग्न झालं, मुलगी त्या घरात राहायला लागली. दीड वर्षापूर्वी व्याही गेले. मुलगी आणि विहीणबाई तेव्हापासून एकमेकींना धरून आहेत. आधी फोनवर 'सासूबाई' म्हणायची, आता नुसतं 'आई' म्हणते. आमची ही म्हणते, पोरगी रुजली हो. आणि मी इकडे रोज मनात घाबरतो, की रुजली त्याच्या बरोब्बर खाली माझं वाक्य आहे. ज्या बाईनं नवऱ्याला ओट्याला धरून चालायला शिकवलं, तिनं ते वाचलं, तर रोज सकाळी माझ्या पोरीच्या हातचा चहा घेताना तिला काय दिसेल? पोरीचं नाक माझ्यासारखं आहे. हसणं तर थेट माझंच.

दार मुलीनं उघडलं. "आलात? एवढ्या लवकर? हेल्मेट काढा की." मी हेल्मेट घालूनच स्वयंपाकघरात निघालो होतो. पट्टी तिनं परत उभी करून टेकवून ठेवली होती, पाठ आत. मी इतका सुटकेचा श्वास सोडला की मुलगी म्हणाली, "दम लागला का? लिफ्ट चालू आहे ना?" विहीणबाई खुर्ची ओढून तिथंच बसल्या, सिंकच्या बाजूला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बाहेर बसा ना, धूळ उडेल." "उडू दे. धूळ काय पाहुणी आहे?" "ड्रिलचा आवाज होईल." "सुनेनं मिक्सर लावला की होतो तेवढाच ना?" मुलगी हसली, चहा ठेवायला वळली. मी पिशवीतून क्लिपा काढल्या, ड्रिल काढलं, टेप काढली, परत पिशवीत टाकली, परत काढली. शेवटी पोटावर झोपलो. गाल फरशीला लागला. फरशी गार होती आणि माझा कान गरम. पट्टी दोन बोटांनी अलगद पुढे ओढली, वाचायला येणार नाही अशी तिरपी धरून, आणि तशीच मागे डोकावलो.

माझ्या पाचरी तिथं नव्हत्याच. प्रत्येक पायाच्या मागे पुठ्ठ्याची घडी होती. गोळ्यांची रिकामी खोकी, उभी चिरून, सारख्या मापात दुमडलेली, चारपदरी. पाच पाय, पाच घड्या. कडा नखानं दाबून धारदार केलेल्या. जिथं फरशीला उतार होता तिथं घडी जाड, जिथं नव्हता तिथं पातळ. मी तीस वर्षांत एवढं मापून कधी काही खुपसलं नव्हतं. सिंकखालची घडी ओल खाऊन लोळागोळा झाली होती, म्हणूनच पट्टी सुटली होती. "हे कुणी केलं?" मी विचारलं. आवाज कपाटाखाली घुमला. "कोण करणार," विहीणबाई वरून म्हणाल्या, "हेच. पाय ओढत चालायचे ना, पायाचा फटका लागायचा आणि ही बया पडायची. महिन्या-दोन महिन्यांनी आहेच. मी उचलायला गेले, की ओरडायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः खाली बसायचे, खाली बसायलाच त्यांना दहा मिनिटं लागायची, आणि एका हातानं खुडखुड करत बसवायचे. मी म्हणायचे, अहो त्या मिस्त्रींना बोलवू. म्हणायचे, नको, त्यांना काही सांगू नकोस."

महिन्या-दोन महिन्यांनी. अकरा वर्षांतून दीड वर्ष वजा करा. पाठ वर करून पडलेली पट्टी, आणि तिच्यासमोर तो माणूस, दहा मिनिटं घेऊन खाली बसलेला. तुमचं काम मी फार जवळून बघितलंय. पेन्सिल होती, शाई नव्हे. अंगठा थुंकीनं ओला करून दोनदा घासला असता तर गेलं असतं. त्यांनी घासलं नाही. बायकोला दिसू नये म्हणून लपवलं, आणि स्वतःसाठी ठेवलं? की माझ्यासाठी ठेवलं, कधीतरी हा येईल, पोटावर झोपेल, म्हणून? माझी मुलगी त्यांच्या घरात आली तेव्हा त्यांनी हो म्हटलं ते हे वाचून झाल्यावर. माझा अंगठा तोंडाजवळ गेला होता. ओला झाला होता. मी पट्टीच्या पाठीवरची धूळ तळहातानं सरकवली. अक्षर आहे तसं होतं. माझंच, बेरकी, उजवीकडे पळणारं.

"मागे काहीतरी आहे ना?" विहीणबाई म्हणाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मला नेहमी वाटायचं. एवढं जपायचे म्हणजे काहीतरी असणार. बघू." त्यांचा हात खाली आला, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, तळवा वर. मुलगी म्हणाली, "आई, चष्मा देऊ?" "नको, तुझे बाबाच वाचतील ना. वाचा हो, काय आहे?" आणि मी, ज्याला आयुष्यात उत्तर शोधायला कधी अर्धा सेकंदही लागला नाही, तो लगेच म्हणालो, "नाव आहे. माझं. आणि तारीख. आमच्यात पद्धत आहे तशी."

"एवढंच?"

"एवढंच."

मी मान तिरकी करून पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला होता आणि तो दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. "मला वाटलं, काही ठेवलं असेल," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, सुनेशीही नाही. "झटक्यानंतर हे सहा महिने हसले नव्हते. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचे स्नायू आहेत, वेळ लागेल. आणि एक दिवस मी बाहेरून आले तर हे इथं, ह्या फरशीवर बसलेले, पट्टी मांडीवर, आणि एकटेच हसतायत. डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, अहो काय झालं? तर हातानंच जा म्हणाले. मला वाटलं होतं..." त्या थांबल्या. "जाऊ दे. आजारी माणूस कशालाही हसतो."

जाऊ दे, हा शब्द मी किती जणांच्या तोंडून ऐकलाय. दार घासतंय, जाऊ दे. पट्टी हलतेय, जाऊ दे. लोक असं म्हणाले की मी हत्यारं गोळा करतो. आत्ताही करू शकलो असतो. अंगठा अजून ओला होता. पाच क्लिपा, दहा स्क्रू, आणि ही पट्टी पुन्हा कधी कुणी काढली नसती. पण मग तो माणूस ह्या बाईच्या लेखी कशालाही हसलेला राहिला असता, आणि तो कशालाही हसलेला नव्हता. "ताई," मी म्हटलं, "मी खोटं बोललो." आणि फरशीकडे तोंड करून, जनगणनावाला नावं वाचतो तसं, वाचलं. "'बाई, ओटा लेव्हलमध्ये आला. आता नवऱ्याच्या डाव्या पायाखाली पण एक पाचर ठोका.'"

चहा उकळत होता. मुलगी म्हणाली, "बाबा." एवढंच म्हणाली. लहानपणी मी तिची वेणी खुर्चीला बांधून ठेवली होती तेव्हाही ती असंच म्हणाली होती, पण तेव्हा त्यात हसू होतं.

"हे कुणी लिहिलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. शेवटच्या दिवशी."

"आणि ह्यांनी हे वाचलं."

"वाचलं असणार. बऱ्याचदा."

मला त्यांची फक्त पावलं दिसत होती, रबरी सपाता, त्यातली एक हळूच दुसरीवर चढली आणि उतरली. मुलीची पावलं त्यांच्या शेजारी येऊन थांबली होती. माझ्या बाजूला कुणाचीच नव्हती.

"परत वाचा."

मी परत वाचलं. आधीपेक्षा हळू, आधीपेक्षा सपाट.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "असं वाचल्यावर कोण हसेल? हे हसले होते. तेव्हा लिहिताना मनात जसं म्हणाला असाल ना, तसं म्हणा. मला ऐकायचंय ते काय ऐकत होते."

"ताई, ते मला..."

"तुम्हाला तर येतं की. सगळीकडे हसवत फिरता. म्हणा."

मुलीनं गॅस बंद केला. मी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, पण वर कपाट होतं, डोकं लागलं, म्हणून तसाच राहिलो, गाल फरशीवर. पट्टी छातीशी धरली. घसा खाकरला. चेहऱ्यावर तो जुना भाव आणायला गेलो, भुवई वर, ओठाचा कोपरा खाली. चेहरा हलेना.

"म्हणा," विहीणबाई म्हणाल्या. "मी थांबलेय."